झाकली मूठ आणि उघडी वही

छोट्या उद्योगाच्या मालकाला नेतृत्व आणि हिशेब ही दोन वेगळी खाती म्हणून शिकवली जातात, आणि त्याच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या विभागणीत आहे, असे माझे ठाम मत आहे. नेतृत्वाच्या नावाखाली माणसे जोडणे, ध्येय ठरवणे, उत्साह टिकवणे यांविषयी त्याला पुष्कळ ऐकवले जाते; हिशेब मात्र कर भरायची वेळ आली की लेखापालाच्या टेबलावर नेऊन ठेवायची फाईल ठरतो. मोठ्या कंपनीत ही विभागणी चालून जाते, कारण तिथे पैशाकडे रोज डोळे लावून बसलेला स्वतंत्र विभाग असतो. दहा, वीस किंवा चाळीस माणसांच्या उद्योगात असा विभाग नसतो. असतो तो फक्त मालक. म्हणून पैशाची खरी स्थिती दर आठवड्याला स्वतः पाहणे आणि ती आपल्या माणसांपुढे मांडणे, हे अशा उद्योगात नेतृत्वाचे पहिले काम आहे. यातले पाहणे बहुतेकांना पटते. मांडण्याचा विषय निघाला की मात्र चेहरे गंभीर होतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मराठी असली तरी तिच्यामागची वृत्ती जगभरातल्या व्यापाऱ्यांची आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्सची मेदिची घराण्याची पेढी १३९७ पासून १४९४ पर्यंत चालली. भागीदारांचे भांडवल आणि नफ्याची वाटणी यांसाठी तिथे एक वेगळी ‘गुप्त वही’ असे आणि ती भागीदारांच्याच ताब्यात राही. ज्या वर्षी ही पेढी संपली त्याच वर्षी, १४९४ मध्ये, लुका पाचोली या गणिती धर्मगुरूने व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याच्या रीतीचे, सविस्तर विवेचन केले. व्यापाऱ्याला तीन गोष्टी लागतात, असे तो सुरुवातीलाच सांगतो: रोकड, हिशेबात तरबेज असलेला माणूस, आणि देणे-येणे वेळ न दवडता समजेल अशी सगळ्या व्यवहारांची नीट मांडणी. पाच शतकांनंतरही छोट्या उद्योगांत पहिल्या गोष्टीची ओरड ऐकू येते, दुसरी पगार देऊन मिळवता येते, आणि तिसरीकडे कोणी फिरकत नाही. माझ्या अनुभवात पहिलीची टंचाई पुष्कळदा तिसरीच्या अभावातूनच जन्मते.

काही वर्षांपूर्वी लोखंडी सांगाडे बनवून देणाऱ्या एका कारखान्याचा हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे आले. पंचवीस कामगार, दोन पाळ्या, दारात माल भरत असलेला ट्रक. बाहेरून पाहणाऱ्याला भरभराटच दिसावी. पगार तीन दिवसांवर आला होता आणि बँकेतल्या खात्यात निम्म्या पगारापुरतीही शिल्लक नव्हती. मालकांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत रबर लावून ठेवलेल्या बिलांच्या प्रती होत्या, वरच्या कागदाची कड पिवळी पडलेली. त्यांतले सर्वांत मोठे बिल चार महिने जुने होते. ग्राहक पैसे का देत नाही, असे विचारल्यावर ‘त्याची नियत फिरली’ एवढेच मालक म्हणाले. नंतर शेडमध्ये फिरताना मी पर्यवेक्षकाला सहज तेच विचारले. तो लगेच म्हणाला, ‘साहेब, तिथे चार ब्रॅकेट बसवायचे राहिलेत. त्यामुळे काम पूर्ण झाल्याच्या कागदावर त्यांचा माणूस सही करत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण नवी ऑर्डर घाईची होती म्हणून मागे राहिलं.’ अर्ध्या दिवसाच्या कामापायी जवळजवळ पूर्ण महिन्याच्या पगाराइतकी रक्कम चार महिने अडकून पडली होती. मालकाला रक्कम माहीत होती, पर्यवेक्षकाला कारण माहीत होते, आणि दोघांनी एकमेकांना विचारावे असा प्रसंगच त्या कारखान्यात कधी येत नव्हता.

हा पर्यवेक्षक आळशी नव्हता की बेफिकीर नव्हता. राहिलेले अर्धवट काम आधी संपवायचे की नवे काम हाती घ्यायचे, हा निर्णय त्याने घेतला आणि त्याला जेवढे दिसत होते तेवढ्यावरून तो बरोबरच होता. छोट्या उद्योगातले पैशाचे निर्णय मालकाच्या केबिनमध्ये होतात, हा समज म्हणूनच खोटा आहे. कोणते काम आधी संपवायचे, किती कच्चा माल मागवायचा, खराब झालेला नग दुरुस्त करायचा की फेकायचा, ग्राहकाने भाव पाडून मागितला तर काय उत्तर द्यायचे, हे सगळे पैशाचे निर्णय आहेत आणि ते दिवसभर दुसरीच माणसे घेत असतात. त्यांना आकडे दाखवले नाहीत म्हणून हे निर्णय थांबत नाहीत. ते अंदाजाने घेतले जातात, इतकेच.

सवलतीचे उदाहरण घ्या. १०० ला विकल्या जाणाऱ्या वस्तूवर थेट खर्च ७० असेल, तर ३० हाती राहतात. विक्री सांभाळणाऱ्या माणसाने ग्राहक टिकवण्यासाठी १० टक्के सूट दिली, की हाती राहतात २०. आधी १०० नग विकून जेवढे मिळत होते तेवढे मिळवायला आता १५० नग विकावे लागतील, म्हणजे दहा टक्क्यांच्या सुटीसाठी पन्नास टक्के जास्त विक्री. ‘दहा टक्क्यांनी काय होते’ असे म्हणणारा विक्रेता हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहतो, तेव्हा त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. हे मी अनेकदा पाहिले आहे. याच्याच शेजारची दुसरी चूकही सर्रास होते: खर्चावर २५ टक्के चढवून भाव ठरवला म्हणजे विक्रीवर २५ टक्के सुटतात असे समजून २० टक्के सूट दिली जाते. १०० चा माल १२५ ला लावला आणि त्यावर २० टक्के सोडले, की पुन्हा १०० च उरतात. नफा शून्य, आणि वर्षभर राबणे वेगळे.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र नफा आणि रोकड यांच्या नात्याविषयी आहे, आणि तो कामगारांपेक्षा मालकांमध्येच जास्त खोल रुजलेला असतो. बिल फाडले की वहीत विक्री होते आणि नफा दिसू लागतो. पैसे हाती येतात तेव्हा येतात. समजा कच्चा माल आणि तयार माल मिळून ३० दिवस साठ्यात राहतो, ग्राहक ६० दिवसांनी पैसे देतो आणि पुरवठादाराला आपल्याला १५ दिवसांत द्यावे लागतात. मग आपला पैसा ७५ दिवस, म्हणजे अडीच महिने, बाहेर फिरत असतो. सोयीसाठी सगळा खर्च याच चक्रात धरू. महिन्याला १०० ची विक्री आणि सर्व धरून ८० खर्च असेल, तर अडीच महिन्यांच्या खर्चाचे २०० इतके खेळते भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, कायम गुंतलेले राहील. आता धंदा दीडपट झाला, महिन्याची विक्री १५० आणि खर्च १२० झाला, की गुंतणारी रक्कम ३०० होते. वाढीव १०० कुठून आणायचे? वाढलेला नफा महिन्याला ३० आहे, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळाचा संपूर्ण नफा यात घातला तरच भरपाई होईल, आणि तो नफाही अडीच महिन्यांनीच हाती येणार आहे. धंदा वाढतो आहे आणि तरी पगाराला पैसे नाहीत, या गोष्टीचे मालकाला नवल वाटते, कोणीतरी आपल्याला लुबाडते आहे असा संशयही येतो. वास्तविक ती टंचाई वाढीनेच आणलेली असते. मोठी मागणी स्वीकारण्याआधी हे गणित मांडणे, आणि गरज पडल्यास आगाऊ रक्कम मागणे किंवा मागणी टप्प्याटप्प्याने घेणे, याला मी धाडसाइतकेच महत्त्व देतो.

ही केवळ लहानांची चूक नाही. अमेरिकेतली डब्ल्यू. टी. ग्रँट ही दुकानांची मोठी साखळी १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधीची अनेक वर्षे तिच्या पत्रकांत नफा दिसत होता, पण उधारी आणि साठा इतके फुगले होते की प्रत्यक्ष कामकाजातून रोकड सुटतच नव्हती. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यांच्या जोडीला रोख प्रवाहाचे, म्हणजे प्रत्यक्ष किती पैसा आला आणि गेला याचे, पत्रक देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. लहान उद्योगाला असे पत्रक कोणी मागत नाही, आणि धक्का सोसण्याची त्याची ताकद तर फारच कमी असते. जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख लहान उद्योगांच्या बँक खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आवक पूर्ण थांबली तर मध्यावरचा उद्योग, म्हणजे ज्याच्याहून निम्मे बरे आणि निम्मे वाईट स्थितीत आहेत असा, हातच्या रोकडीवर अवघे २७ दिवस तग धरू शकेल, असे त्यात आढळले. २७ दिवस म्हणजे एक महिनाही नव्हे. एवढ्या पातळ थरावर उभ्या असलेल्या माणसाने हिशेब वर्षातून एकदा पाहावा, हे मला पटण्यासारखे वाटत नाही.

वही उघडण्याआधी ती उघडण्यासारखी असावी लागते, आणि झाकल्या मुठीचे खरे कारण पुष्कळदा इथेच सापडते. स्पर्धकाला कळेल, माणसे बिघडतील, ही कारणे पुढे केली जातात. पण आत पाहिले तर मालकाचा घरखर्च, नातेवाइकाच्या गाडीचा हप्ता आणि मुलांची फी धंद्याच्याच खात्यातून गेलेली असते. अशी वही दाखवायची लाज वाटणे स्वाभाविक आहे. त्यावरचा उपाय साधा असला तरी पाळायला कठीण आहे: मालकाने स्वतःला ठरावीक पगार लावून घ्यावा, तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घ्यावा, आणि त्यापलीकडे गल्ल्यात हात घालू नये. काही मालक उलट टोकाला जातात आणि वर्षानुवर्षे एक पैसाही घेत नाहीत. त्यांना तो त्याग वाटतो. मला तो हिशेबातला खोटेपणा वाटतो. मालकाचे काम दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचे तर जो पगार द्यावा लागला असता तो खर्चात धरलाच पाहिजे. तो धरल्यावर धंदा तोट्यात जात असेल, तर तो आधीपासूनच तोट्यात होता आणि मालक स्वतःची मजुरी घालून तो तोटा भरत होता. भावही त्याच खोट्या खर्चावर ठरलेले असतात, त्यामुळे अधिक विकून हा खड्डा भरत नाही.

वही उघडल्याने काय होऊ शकते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातले आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी संकटात असताना तिचा स्प्रिंगफील्ड इथला जुनी इंजिने नव्याने बांधून देणारा कारखाना १९८३ मध्ये जॅक स्टॅक आणि त्यांच्या सहकारी व्यवस्थापकांनी विकत घेतला. स्वतःच्या प्रत्येक १ डॉलरमागे ८९ डॉलर कर्ज, अशी त्यांची सुरुवात होती. एवढ्या कर्जात एक चुकलेला हप्ताही कारखाना बुडवू शकतो, हे ओळखून त्यांनी यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह वाचायला शिकवले आणि हे आकडे नेमाने सर्वांपुढे मांडले. १९८६ च्या अखेरीस जनरल मोटर्सने ५,००० इंजिनांची मागणी रद्द केली, तेव्हा मोठी कपात अटळ दिसत होती. व्यवस्थापनाने तो आकडा लपवला नाही. कपात टाळायची तर किती नवे काम मिळवावे लागेल, हे कामगारांसमोर मांडले. नवी कामे अंगावर घेण्याचा कौल कामगारांनी दिला आणि कपात टळली. तो जुगार होता, हे मी नाकारत नाही. पण तो खेळणाऱ्यांना डाव माहीत होता, आणि ज्याच्या घराची चूल त्या डावावर अवलंबून आहे त्याला तो माहीत असणे मला न्याय्यही वाटते.

यावरच्या आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. चांगला नफा दिसला की कामगार पगारवाढ मागतील, हे खरे आहे. पण वही बंद असली तरी ते मागतातच, आणि तेव्हा त्यांच्या मनातला नफ्याचा आकडा खऱ्यापेक्षा बराच मोठा असतो, कारण त्यांना दिसते ती विक्री. भाडे, व्याज, यंत्राचा घसारा, बुडीत उधारी त्यांना दिसत नाही. विक्रीवर १० टक्के सुटणाऱ्या धंद्यात १०० चे एक बिल बुडाले की लागलेले ९० परत मिळवायला ९०० ची नवी विक्री करावी लागते, हे कळलेला कामगार पगारवाढीची मागणी वेगळ्या पायावर करतो, आणि अशी मागणी ऐकण्यासारखी असते. वाईट आकडे पाहून चांगली माणसे सोडून जातील, हा दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. काहीजण जातीलही. मात्र पगार दोनदा उशिरा झाला की तीच माणसे काही न सांगता जातात, आणि जाताना जी सर्वांत आधी दुसरीकडे सामावून घेतली जातील, म्हणजे जी सर्वांत कुशल आहेत, तीच जातात. स्पर्धकाच्या भीतीविषयी फार बोलण्याची गरज नाही. आपली साप्ताहिक शिल्लक कळून त्याला जेवढा फायदा होईल, त्याहून जास्त आपण हिशेब न मांडता दिलेल्या सवलतींनी तो मिळवत असतो.

सगळेच उघडे करावे असे मी म्हणत नाही. कोणाला किती पगार मिळतो हे त्या-त्या माणसाचे खाजगी आहे. ग्राहकाशी गुप्ततेचा करार असेल तर तो पाळलाच पाहिजे. एका पानावर मावेल एवढे पुरते: आजची शिल्लक, येत्या तेरा आठवड्यांतली अपेक्षित आवक आणि जावक आठवड्यागणिक, येणी किती दिवसांची जुनी आहेत आणि ती का अडकली आहेत, हातातल्या कामांची स्थिती, आणि महिन्याचा स्थिर खर्च भागायला अजून किती विक्री हवी. तेरा आठवडे अशासाठी की तिमाहीचे हप्ते आणि कर त्यात येतात, आणि त्यापुढचे अंदाज छोट्या धंद्यात फारसे भरवशाचे नसतात. पहिले काही आठवडे अंदाज चुकतील. ते चुकण्याचे कारण दर वेळी शोधले, तर धंद्याविषयी जे कळते ते दुसऱ्या कशानेच कळत नाही. हे पान वाचायला शिकवल्याशिवाय नुसते भिंतीवर लावणे मात्र घातक आहे. अर्धवट समजलेला आकडा अफवेहून वाईट. आणखी एक गोष्ट चटकन सांगून टाकतो: खरेदी ठरवणारा, पैसे देणारा आणि नोंद करणारा हा एकच माणूस नसावा, मग तो कितीही विश्वासू असो. यात त्याच्यावर अविश्वास नाही, उलट संशयापासून त्याचे रक्षणच आहे.

उशिरा पैसे देणाऱ्या बड्या ग्राहकांचा प्रश्न मालकाच्या एकट्याच्या आवाक्यातला नाही, हे मान्य करायला हवे. ज्याच्याकडे वजन आहे तो उधारी लांबवतो आणि लहानाला त्याची सावकारी करावी लागते, तीही बिनव्याजी. युरोपीय संघाने २०११ मध्ये नियम करून सरकारी खात्यांना साधारणपणे ३० दिवसांची आणि उद्योगांमधल्या व्यवहारांना ६० दिवसांची मुदत घातली, आणि उशिरावर व्याजाचा हक्क दिला. असे कायदे असावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या एका ग्राहकावर निम्मी विक्री अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध व्याजाची नोटीस कोण पाठवणार? कायद्याने दिलेला हक्क वापरण्याची ताकद ग्राहकांच्या संख्येतून येते. म्हणून एका ग्राहकाचा वाटा हाताबाहेर वाढू लागला की तो यशाचा आकडा म्हणून मिरवण्याऐवजी त्याच साप्ताहिक पानावर लाल शाईने लिहावा, आणि नवा ग्राहक शोधण्याचे काम तेव्हाच सुरू करावे.

आणि वाईट आठवडे येतीलच. तेरा आठवड्यांच्या पानावर सहाव्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाताना दिसली, की मालकाच्या हाती पाच आठवडे असतात. न पाहणाऱ्याच्या हाती एक दुपार असते. पाच आठवड्यांत अडकलेल्या बिलांमागे माणूस लावता येतो, पडून असलेला साठा विकता येतो, बँकेशी निवांत बोलता येते, आणि मुख्य म्हणजे पुरवठादाराला देय तारखेच्या आधी फोन करता येतो. तारीख उलटल्यावर आलेला फोन आणि आधी आलेला फोन यांत पुरवठादार जमीन-अस्मानाचा फरक करतो, आणि तसा तो करणे रास्तच आहे. कोणाचे आधी द्यायचे, हेही शांतपणे ठरवता येते. माझ्या लेखी कामगारांचा पगार आणि त्यांच्या पगारातून कापलेल्या रकमा सर्वांत आधी, कारण तो पैसा मालकाचा नव्हेच. मालकाचा स्वतःचा पगार सर्वांत शेवटी, आणि त्या महिन्यात तो घेतला नाही तर तो देणे म्हणून वहीत लिहिलेला असावा. त्या कारखान्यातल्या चार ब्रॅकेट दुसऱ्याच दिवशी बसवल्या गेल्या. पैसे यायला आणखी अठरा दिवस लागले, आणि त्या महिन्याचा पगार दोन हप्त्यांत द्यावा लागला. मालकांनी तो द्यायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना शेडमध्ये बोलावून बँकेतली शिल्लक आणि अडकलेल्या बिलांची यादी वाचून दाखवली. यादीतल्या तिसऱ्या नावावर मागच्या रांगेतला एक वेल्डर म्हणाला, ‘त्यांचं मोजमाप घ्यायला मीच गेलो होतो, उद्या जाऊन सही आणतो.’